पाचवं उत्तर आधी खोडा

परवा रात्री साडेदहाला भाचीचा मेसेज आला. ‘मावशी, हे सगळं पाठ करू का? उद्या ओरल आहे.’ खाली तो फॉरवर्ड होता: ‘सी लँग्वेज: नवशिक्यांच्या १० शंका, १० अचूक उत्तरे. व्हायव्हा आणि इंटरव्ह्यूला हमखास विचारतात. सेव्ह करून ठेवा.’ ती जळगावला डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आहे. वर्गाच्या ग्रुपवर तीन वेगवेगळ्या मुलांनी हा मेसेज टाकला होता, म्हणजे तो खरा असणारच असं तिला वाटलं.

हाच मेसेज दोन वर्षांपूर्वी माझ्याकडेही आला होता आणि मी तो सोडून दिला होता. तेव्हाच लिहायला हवं होतं. गेली सोळा वर्षं मी सीमध्येच काम करते. विजेच्या मीटरच्या आत जो छोटा कंट्रोलर असतो, त्याचा प्रोग्राम लिहिणं हे माझं रोजचं काम. या दहांपैकी दोन उत्तरं बरोबर आहेत, तीन अर्धी खरी आहेत आणि पाच चूक आहेत. सगळ्या चुका सारख्या घातक नाहीत, म्हणून क्रमाने न जाता पाचव्यापासून सुरू करते.

पाचवी शंका अशी: आय या व्हेरिएबलची किंमत ५ आहे. एकाच प्रिंटएफमध्ये, म्हणजे पडद्यावर छापणाऱ्या फंक्शनमध्ये, ओळीने आय, आय++ (किंमत वापरून मग एकाने वाढवा) आणि ++आय (आधी वाढवून मग वापरा) छापायला सांगितलं, तर काय छापलं जाईल? फॉरवर्डचं उत्तर: ‘७ ६ ६. कारण सीमध्ये आर्ग्युमेंट्स उजवीकडून डावीकडे सोडवतात. हा नियम पाठ करा.’ (आर्ग्युमेंट्स म्हणजे फंक्शनला कंसात दिलेल्या गोष्टी.)

असा नियम सीमध्ये नाही. कधीच नव्हता.

मी तेवढ्या चार ओळी लॅपटॉपवर टाइप केल्या आणि चालवून पाहिल्या. जीसीसी या कंपायलरने, म्हणजे सीचा कोड मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रामने, ७ ६ ७ छापलं. क्लँगने ५ ५ ७. ७ ६ ६ हे टर्बो सी या जुन्या कंपायलरचं उत्तर. तीन कंपायलर, तीन उत्तरं, आणि यातला एकही कंपायलर बिघडलेला नाही. तिघांनाही तसं करायची पूर्ण मुभा आहे, कारण प्रश्नच मुळात सीमध्ये बसत नाही. फंक्शनला दिलेल्या आर्ग्युमेंट्सची किंमत कोणत्या क्रमाने काढायची, हे सीच्या स्टँडर्डने, म्हणजे भाषेच्या अधिकृत नियमावलीने, कंपायलरवर सोडलंय. त्याच्या पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची. एकाच व्हेरिएबलची किंमत तुम्ही एका एक्स्प्रेशनमध्ये, मध्ये कुठलाही ठरलेला थांबा नसताना, दोनदा बदललीत की ते अनडिफाइन्ड बिहेवियर होतं. म्हणजे ‘चार-पाच शक्य उत्तरांपैकी एक येईल’ एवढंही आश्वासन उरत नाही. त्या प्रोग्रामने काय करावं याबद्दल भाषा काहीच बोलत नाही.

हे माझं मत नाही. ज्याने सी घडवली त्या डेनिस रिचीने ब्रायन कर्निहनसोबत लिहिलेलं ‘द सी प्रोग्रामिंग लँग्वेज’ हे पुस्तक प्रत्येक इंजिनिअरिंग कॉलेजच्या लायब्ररीत असतं. त्याच्या १९८८च्या दुसऱ्या आवृत्तीत दुसऱ्या प्रकरणाचा शेवटचा भाग काढा. तिथे एका प्रिंटएफमध्ये ++एन आणि दोनाचा एनवा घात एकत्र छापणारी ओळ दिली आहे, आणि त्या ओळीपुढेच शेरा आहे: चूक. त्यात तर व्हेरिएबल एकदाच बदलतंय, तरी ते चूक. खाली कारणही दिलंय, की वेगवेगळ्या कंपायलरवर वेगवेगळं उत्तर येईल. फॉरवर्डमधला प्रश्न त्याहून वाईट आहे. भाषेचा जनक जी ओळ ‘लिहू नका’ म्हणून छापतो, तिच्यासारख्या ओळीचं ‘अचूक उत्तर’ आपली मुलं पाठ करतायत.

हा ‘उजवीकडून डावीकडे’चा समज आला कुठून, तेही सांगते, कारण त्याला एक आधार आहे. जुन्या १६ आणि ३२ बिटांच्या इंटेल मशीनवर सीचे बहुतेक कंपायलर आर्ग्युमेंट्स स्टॅकवर (मेमरीतल्या एकावर एक रचलेल्या चळतीवर) ठेवताना शेवटच्यापासून सुरुवात करायचे. प्रिंटएफला किती आर्ग्युमेंट्स येणार हे आधी माहीत नसतं. फॉरमॅटची स्ट्रिंग सगळ्यात शेवटी ठेवली की ती स्टॅकच्या टोकाला, ठरलेल्या जागी सापडते. टर्बो सी ठेवता ठेवता किंमतही काढायचा, म्हणून उत्तर उजवीकडून आल्यासारखं दिसायचं. पण ठेवण्याचा क्रम वेगळा आणि किंमत काढण्याचा क्रम वेगळा. आणि आजच्या ६४ बिटांच्या लिनक्सवर तर पहिली सहा पूर्णांक किंवा पॉइंटर आर्ग्युमेंट्स स्टॅकवर जातच नाहीत, थेट रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या जागांत, जातात. ज्या स्टॅकच्या जिवावर हा नियम उभा केला, तो या ओळीत वापरलाच जात नाही.

‘एका मार्काचा तर प्रश्न, एवढं काय मनावर घ्यायचं’ असं मला एका सहकाऱ्याने ऐकवलं. मनावर घेते, कारण या प्रश्नातून मूल जे शिकतं ते मार्कापुरतं राहत नाही. ते शिकतं की सीमधल्या प्रत्येक ओळीला एक लपलेलं ठरावीक उत्तर असतं, आणि एकदा चालवून जे दिसलं तेच कायमचं खरं. २००९ साली लिनक्स कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) टन नावाच्या ड्रायव्हरमध्ये सुरक्षेचं एक भोक सापडलं. त्या कोडमध्ये पॉइंटर (मेमरीतला पत्ता) आधी वापरला होता आणि तो नल, म्हणजे कुठेच न नेणारा, आहे का हे नंतर तपासलं होतं. नल पॉइंटर वापरणं अनडिफाइन्ड. म्हणून कंपायलरने हिशेब केला की ज्याअर्थी पॉइंटर वापरलाय त्याअर्थी तो नल असूच शकत नाही, आणि पुढची तपासणी निरर्थक समजून काढून टाकली. सोर्स कोडमध्ये तपासणी डोळ्यांना दिसत होती, चालणाऱ्या प्रोग्राममध्ये ती नव्हतीच. त्यानंतर ही काटछाट बंद करणारा पर्याय देऊन कर्नल कंपाइल करायला लागले. हे कोड लिहिणारी माणसं नवशिकी नव्हती.

आता आठवं, कारण ते पाचव्याला चिकटलेलं आहे. ‘वॉर्निंग म्हणजे एरर नव्हे. प्रोग्राम चालतोय ना? मग दुर्लक्ष करा.’ हे वाचून मी फोन खाली ठेवला आणि भाचीला लॅपटॉप उघडायला लावला. पाचव्या प्रश्नाचाच प्रोग्राम, फक्त जीसीसीला डब्ल्यू-ऑल हा पर्याय देऊन. कंपायलरने स्वच्छ सांगितलं की आयवरची ही क्रिया अनडिफाइन्ड असू शकते. म्हणजे तिला जो प्रश्न पडला होता त्याचं खरं उत्तर कंपायलर फुकटात द्यायला बसला होता, आणि फॉरवर्ड सांगत होता की तिकडे बघू नकोस. किंमत न दिलेलं व्हेरिएबल वापरणं, इफमध्ये दोनऐवजी एकच बरोबरचं चिन्ह पडणं, प्रिंटएफमध्ये फॉरमॅट एक आणि व्हेरिएबल दुसरंच असणं, नवशिक्यांच्या या रोजच्या चुका वॉर्निंगमध्येच पकडल्या जातात. आमच्याकडे एक वॉर्निंग राहिली तरी कोड पुढे जात नाही.

सहावं उत्तर धोक्याच्या बाबतीत पाचव्याच्या वरताण आहे: ‘पूर्ण वाक्य इनपुट घ्यायला गेट्स वापरा, सोपं आहे.’ गेट्स या फंक्शनला तुमचा ॲरे, म्हणजे अक्षरं ठेवायची सलग जागा, किती मोठा आहे हे सांगायची सोयच नाही. वापरणाऱ्याने २० अक्षरांच्या जागेत २०० टाकली तर ते २०० लिहून मोकळं होतं, शेजारची मेमरी तुडवत. २ नोव्हेंबर १९८८ला इंटरनेटवर मॉरिस वर्म हा स्वतःच्या प्रती काढत फिरणारा प्रोग्राम पसरला. त्याच्या आत शिरायच्या वाटांपैकी एक होती फिंगर सेवेचा प्रोग्राम, ज्यात ५१२ बाइटच्या जागेत गेट्सने इनपुट घेतलं जात होतं. वर्मने त्याहून जास्त पाठवलं आणि मशीनचा ताबा घेतला. त्या काळचं इंटरनेट लहान होतं, तरी हजारो मशीन अडकली. २०११च्या स्टँडर्डमधून गेट्स हे फंक्शन काढूनच टाकलं. जे भाषेतच राहिलेलं नाही, ते पहिल्या वर्षाला शिकवण्यात काय अर्थ आहे? एफगेट्स वापरा, त्याला जागेचं माप द्यावं लागतं. एक लक्षात ठेवा: जागा पुरली तर एफगेट्स एंटरचं अक्षरही सोबत आणतं. दोन स्ट्रिंग जुळत कशा नाहीत म्हणून मुलं तासभर डोकं धरून बसतात, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

पहिलं आणि दुसरं एकत्र घेते, दोन्हींचं मूळ टर्बो सीच्या निळ्या पडद्यात आहे. ‘मेनच्या आधी व्हॉइड लिहा’ आणि ‘इंट २ बाइटचा असतो’. बोरलँडने टर्बो सी १९८७ साली आणला, तोही १६ बिटांच्या डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी. ६४ बिटांच्या विंडोजवर तो थेट चालतही नाही, डॉसची नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्समध्ये घालून चालवावा लागतो. त्या मशीनवर इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायचा प्रकार, २ बाइटचा होता, हे मान्य. पण ते सीचं उत्तर नव्हे, त्या कंपायलरचं उत्तर. स्टँडर्ड एवढंच सांगतं की इंटमध्ये निदान उणे ३२७६७ ते ३२७६७ मावलं पाहिजे. आज तुमच्या लॅपटॉपवर तो ४ बाइटचा असतो. लाँग तर ६४ बिटांच्या विंडोजवर ४ आणि लिनक्सवर ८. पाठ करू नका, साइझऑफने (कशाला किती बाइट लागतात ते हा सांगतो) विचारा.

व्हॉइड मेनबद्दल मात्र मला थोडं मागे यावं लागतं. मेन म्हणजे प्रोग्राम जिथून सुरू होतो ते फंक्शन, आणि व्हॉइड म्हणजे ते काहीच परत देत नाही. मी स्वतः मायक्रोकंट्रोलरवर व्हॉइड मेन लिहिते. तिथे खाली ऑपरेटिंग सिस्टिम नसते, मेन संपून कुठे परत जायचं नसतं, आणि स्टँडर्डही तिथे मोकळीक देतं. पण विंडोज किंवा लिनक्सवर चालणाऱ्या प्रोग्रामला काम नीट झालं की नाही हे बाहेर सांगावं लागतं, शून्य म्हणजे नीट. तिथे इंट मेनच. जो कंपायलर व्हॉइड चालवून घेतो तो तुमच्यावर मेहेरबानी करतोय.

तिसरं, ‘ॲरे आणि पॉइंटर एकच’, हे अर्धं खरं आहे. ॲरेचं नाव बहुतेक ठिकाणी पहिल्या घटकाच्या पत्त्यासारखं वागतं, म्हणून मुलं फसतात. दहा इंटांच्या ॲरेला साइझऑफ लावा, ४० येईल. पॉइंटरला लावा, ८ येईल. आता तोच ॲरे फंक्शनला पाठवा आणि आत साइझऑफ विचारा: ८! कारण आत पोचतो तो फक्त पत्ता. लांबी वेगळी पाठवावी लागते ती याचसाठी. एकच असते तर हा फरक दिसलाच नसता.

चौथं: ‘दुसरा स्कॅनएफ उडी मारून पुढे जातो, तेव्हा एसटीडीइनवर एफफ्लश मारा.’ स्कॅनएफ इनपुट वाचतो, आणि एसटीडीइन म्हणजे कीबोर्डवरून येणारं इनपुट. एफफ्लश आउटपुटसाठी आहे, इनपुटवर ते अनडिफाइन्ड. उडी कोणी मारत नाही. आकडा दिल्यावर दाबलेलं एंटर बफरमध्ये (वाचायच्या रांगेत) पडून असतं, आणि अक्षर वाचणारा पुढचा स्कॅनएफ तेच उचलतो. फॉरमॅटमध्ये टक्का-सीच्या आधी एक मोकळी जागा सोडा, काम झालं.

सातवं, ‘मॅलॉकने घेतलेली मेमरी फ्री केली नाही तरी चालतं’. मॅलॉक मेमरी मागून घेतं, फ्री ती परत देतं. प्रोग्राम संपला की ऑपरेटिंग सिस्टिम मेमरी परत घेते, त्यामुळे प्रॅक्टिकलच्या दोन मिनिटांच्या प्रोग्रामला खरंच काही होत नाही. महिनोन् महिने बंद न होणाऱ्या सर्व्हरला होतं.

नववं, स्ट्रिंगच्या शेवटी शून्य बाइट असतो, आणि दहावं, सीला लहान-मोठी अक्षरं वेगळी कळतात. ही दोन बरोबर. ती खुशाल पाठ करा.

भाचीला शेवटी एकच भीती होती: ‘एक्स्टर्नलला (बाहेरून आलेल्या परीक्षकांना) ७ ६ ६ च हवं असेल तर? मार्क जातील ना.’ तिला सांगितलं ते इथेही लिहिते, कारण या आठवड्यात अनेकांच्या ओरल आहेत. आधी म्हण, ‘टर्बो सीवर ७ ६ ६ दिसतं.’ ते खोटं नाही. मग लगेच म्हण, ‘पण हे अनडिफाइन्ड आहे सर, जीसीसीवर ७ ६ ७ आलं, मी काल स्वतः चालवून पाहिलं.’ आणि जर्नलच्या मागच्या पानावर दोन्ही आउटपुट, वॉर्निंगसकट, लिहून ने.