विषाचं कपाट आणि परकी सून

गेल्या रविवारी आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक लांबलचक मजकूर आला. 'फ्रान्सचं राजघराणं बुडवणारी विदेशी सून' असा मथळा आणि सोबत काळ्या वेषातल्या एका बाईचं चित्र. ही बाई म्हणजे कॅथरिन द मेदिची, 16व्या शतकात इटलीतल्या फ्लॉरेन्सहून लग्न करून फ्रान्सला गेलेली राणी. मजकुरात म्हटलं होतं की तिनं अडाणी फ्रेंचांना काट्यानं जेवायला आणि आइस्क्रीम खायला शिकवलं, तंबाखू, उंच टाचा आणि 13 इंची कंबरेची फॅशन आणली, मग दिराला आणि विहिणीला विष घातलं, ब्ल्वाच्या राजवाड्यात विष ठेवायला 237 चोरकपाटांची खोली करून घेतली, एका रात्रीत एक लाख माणसं मारवली आणि शेवटी सासरचा निर्वंश केला. तळाशी ठळक अक्षरांत तात्पर्य: 'सून आपल्यातलीच करावी.'

त्या ग्रुपवर माझी धाकटी भावजयही आहे. ती ओडिशाची. दीड वर्षात नेटानं मराठी वाचायला शिकली. तिनं तो मजकूर शेवटपर्यंत वाचला आणि रात्री भांडी आवरताना मला विचारलं, "ताई, हे खरं आहे का?" ग्रुपवर तोवर सात जणांनी हात जोडून झाले होते. म्हणून हे उत्तर.

विषापासून सुरुवात करते, कारण बाकी सगळं त्याच्या आधारानं उभं केलंय.

आधी दीर. फ्रान्सचा युवराज फ्रांस्वा ऑगस्ट 1536 मध्ये वारला. उन्हाळ्यात लियोंला चेंडूफळीसारखा खेळ खेळून तो थंड पाणी प्यायला, आजारी पडला आणि काही दिवसांत गेला. पाणी देणारा सेवक माँतेकुक्कोली हा इटालियन होता. त्याचा छळ करून कबुलीजबाब घेतला गेला आणि त्याला घोड्यांना बांधून फाडलं. पण त्या कबुलीत नाव कुणाचं होतं? फ्रान्सचा शत्रू सम्राट चार्ल्स पाचवा, त्याच्या सरदारांचं. कॅथरिनचं नव्हे. ती तेव्हा 17 वर्षांची होती, लग्नाला तीन वर्षं झालेली, मूल नाही, आणि दरबारात तिला विचारणारं फारसं कुणी नव्हतं. युवराज गेल्यावर तिचा नवरा गादीचा वारस झाला, एवढ्या एका गोष्टीवर पुढे तिच्यावर आळ घेतला गेला. फायदा झाला म्हणून खून केला, हा पुरावा नव्हे.

मग विहीण. ही नावार या छोट्या राज्याची राणी झान दालब्रे. तिचा मुलगा हेन्री आणि कॅथरिनची मुलगी मार्गरित यांचं लग्न ठरलं होतं. मजकूर म्हणतो, कॅथरिननं तिला विषारी अत्तर लावलेले हातमोजे भेट दिले आणि ती हातमोजे घालताच मेली. ही गोष्ट वाचूनच मला संताप आला, कारण ती सगळ्यांना पाठ आहे आणि सगळ्यांत पोकळ आहे. झान कित्येक महिने छातीच्या विकारानं आजारी होती. 9 जून 1572 ला पॅरिसमध्ये ती गेली, तीसुद्धा पाच दिवस अंथरुणावर राहून. नंतर शवविच्छेदन झालं आणि फुप्फुसात गळू सापडलं. शिवाय कॅथरिनला हे लग्न हवं होतं. कॅथलिक राजघराण्याची मुलगी आणि प्रोटेस्टंट पक्षाचा राजपुत्र यांच्या सोयरिकीतून यादवी थांबेल म्हणून ती वर्षभर धडपडत होती. झाननं एप्रिलमध्ये करारावर सही केली होती. ज्या सोयरिकीवर सगळी भिस्त, तिच्या वरमाईलाच लग्नाच्या तोंडावर कोण मारेल?

ब्ल्वाची खोली मात्र खरी आहे. लाकडी कोरीव तावदानांची, भिंतीत चोरकपाटं असलेली, खालच्या पट्टीतली कळ पायानं दाबली की उघडणारी. 237 हा आकडाही तिथलाच आहे, पण तो कोरीव तावदानांचा, कपाटांचा नव्हे. कपाटं मोजकीच आहेत. आणि ही खोली कॅथरिननं केलेली नाही. ती तिच्या सासऱ्याच्या, फ्रांस्वा पहिल्याच्या काळातली आहे. त्या काळच्या राजांना पुस्तकं, दागिने, कागदपत्रं आणि दुर्मीळ वस्तू ठेवायला अशा लहान खोल्या करून घ्यायची हौस होती. तिथं विष ठेवायची ही कथा 19व्या शतकातल्या कादंबऱ्यांनी आणि वाडा दाखवणाऱ्यांनी रुजवली.

मग बदनामी आली कुठून? 1575 च्या सुमारास तिच्याविरुद्ध एक निनावी पत्रक छापून फ्रान्सभर वाटलं गेलं. तिचं 'अद्भुत' चरित्र सांगणारं. फ्लॉरेन्सची माणसं जात्याच कपटी, त्यांत मेदिची सगळ्यांत वाईट, म्हणून हिनंच सगळे खून केले, अशी त्याची मांडणी. म्हणजे 'ती परकी आहे' हाच पुरावा. साडेचारशे वर्षांनी तोच पुरावा आमच्या घरच्या ग्रुपवर आला. आपल्याकडे 'ध चा मा' म्हणत आनंदीबाईंना दोष देणारे किती जण तो कागद पाहायला गेलेत?

आणि परकी तरी किती? तिची आई मादलेन फ्रेंच सरदारघराण्यातली होती. कॅथरिन 13 एप्रिल 1519 ला जन्मली, पंधरा दिवसांत आई गेली, मेच्या पहिल्या आठवड्यात वडीलही गेले. दहा-अकरा वर्षांची असताना फ्लॉरेन्सला वेढा पडला, तेव्हा मेदिचींचं मूल म्हणून तिला ओलीस धरून मठांमध्ये ठेवलं होतं आणि बाहेर तिला मारायची भाषा चालली होती. 14व्या वर्षी, ऑक्टोबर 1533 मध्ये मार्सेयला लग्न. ते लावणारा पोप क्लेमंट सातवा तिच्याच घराण्यातला. तो पुढच्याच वर्षी वारला, नव्या पोपनं हुंड्याची उरलेली रक्कम द्यायला नकार दिला आणि सासऱ्याला वाटलं की पोरगी आपल्याकडे रिकाम्या हातानं आली.

आता एक लाख माणसं. इथं मला काही कबूल करावंच लागेल, आणि मी ते टाळणार नाही. सेंट बार्थोलोम्यूची कत्तल झाली. 18 ऑगस्ट 1572 ला मार्गरितचं लग्न झालं, 22 ला प्रोटेस्टंटांचा पुढारी कोलिन्यी याच्यावर गोळी झाडली गेली आणि तो वाचला. दंगा होईल या धास्तीत 23 च्या रात्री राजवाड्यातल्या मसलतीत प्रोटेस्टंट पुढाऱ्यांना संपवायचं ठरलं. त्या मसलतीत कॅथरिन होती. कोलिन्यीवरच्या हल्ल्यामागे कोण, याबद्दल इतिहासकारांत वाद आहेत, पण पुढाऱ्यांना मारण्याच्या निर्णयातून तिला सोडवता येत नाही. तो डाग तिचा आहे.

पण मजकुरात दिलंय ते हे नाही. पॅरिसच्या रस्त्यांवर दोन-तीन हजार माणसं मेली आणि देशभरात मिळून 5 ते 10 हजारांच्या आसपास, असे आज धरले जाणारे अंदाज आहेत. पुढाऱ्यांपासून सुरू झालेली कत्तल शहरातल्या जमावानं आणि गीझ या कडव्या कॅथलिक सरदारघराण्याच्या माणसांनी कुठल्या कुठे नेली. आणि त्या कत्तलीच्या आधीची बारा वर्षं मजकुरात नाहीतच. नवरा हेन्री दुसरा 1559 मध्ये घोड्यावरून भाल्यानं झुंजायच्या खेळात डोळ्यात भाल्याची कपची घुसून गेला. मोठा मुलगा गादीवर बसून दीड वर्षात वारला. दुसरा चार्ल्स दहा वर्षांचा, त्याच्या वतीनं हिनं कारभार घेतला. 1561 मध्ये तिनं दोन्ही धर्मपंथांचे पंडित प्वासीला एका सभेत समोरासमोर बसवले. जानेवारी 1562 च्या फर्मानानं प्रोटेस्टंटांना शहरांच्या तटाबाहेर उघडपणे प्रार्थना करायची मुभा दिली. त्यानंतर दोन महिन्यांतच गीझच्या माणसांनी व्हासीला प्रार्थना करणाऱ्यांना कापलं आणि यादवी पेटली. तिची चूक सांगायची तर हेही सांगा.

खाण्याची गोष्ट थोडक्यात. फ्रेंच स्वयंपाकाच्या इतिहासावर बार्बरा व्हीटन यांचं 1983 चं पुस्तक आहे. त्यांनी त्या काळचे पाकग्रंथ आणि मेजवान्यांचे तपशील तपासले आणि कॅथरिनच्या आचाऱ्यांनी फ्रेंच स्वयंपाक बदलल्याची खूण त्यांना कुठंही सापडली नाही. फ्रेंच पाकग्रंथ 14व्या शतकापासून होते. इटालियनांनी फ्रान्सला नको इतकं चमचमीत खायला लावलं ही तक्रार 1754 च्या फ्रेंच विश्वकोशात आहे, म्हणजे लग्नानंतर दोनशे वर्षांनी. काट्याचं म्हणाल तर 17व्या शतकात चौदावा लुईही हातानं जेवत होता. तिला आर्टिचोक नावाची भाजी फार आवडायची आणि 1575 मध्ये एका लग्नात ती अतोनात खाऊन ती आजारी पडली, ही नोंद मात्र लेत्वाल नावाच्या तेव्हाच्या रोजनिशीकारानं केली आहे. तंबाखूचंही अर्धं खरं आहे. 1560 च्या सुमारास फ्रान्सचा राजदूत जाँ निको यानं पोर्तुगालहून ती दरबारात पाठवली आणि लोक तिला 'राणीची वनस्पती' म्हणू लागले. उंच टाचा आणि 13 इंची कंबर यांच्यावर मी शब्द खर्च करणार नाही.

राहिला निर्वंश. कॅथरिनला दहा मुलं झाली, सात जगली, तीन मुलगे राजे झाले. त्या तिघांच्या मागे औरस मुलगा राहिला नाही आणि फ्रान्सच्या गादीवर मुलींचा हक्क मानत नसत. म्हणून तिच्या सासरचं वालवा घराणं संपलं. तिच्या मुलीचं, क्लोदचं, लोरेनमधलं घराणं पुढे चालूच राहिलं. आणि गादी ज्याला मिळाली तो कोण? झान दालब्रेचा मुलगा, हेन्री चौथा. त्यानं 1600 मध्ये दुसरं लग्न केलं ते फ्लॉरेन्सच्याच मारी द मेदिचीशी. हेन्रीच्या बूर्बों घराण्यातले पुढचे सगळे राजे या दुसऱ्या 'विदेशी सुने'चे वंशज.

याच हेन्रीच्या तोंडचा एक उद्गार नोंदलेला आहे. आईला हिनं विष घातलं म्हणतात तो हा मुलगा. पुढे कॅथरिनला कुणी नावं ठेवू लागलं तेव्हा तो म्हणाला, नवरा गेलेला, पदरात पाच लहान मुलं आणि दोन घराणी मुकुटावर टपलेली, त्या बाईनं करावं तरी काय? याहून वाईट तिनं काही केलं नाही याचंच मला नवल वाटतं.

हे उत्तर मी आधी भावजयीला वाचून दाखवलं. मग ग्रुपवर टाकलं आणि ज्या काकांनी तो मजकूर पाठवला होता त्यांना फोन केला. तळातलं ते वाक्य तिच्यासाठी नव्हतं, असं त्यांनी मला सांगितलं. ते तिला सांगा, म्हटलं, आणि फोन तिच्या हातात दिला.