अण्णा आज दारात खोटं बोलला

आज संध्याकाळी गल्लीतल्या मंडळाची पोरं आली होती, रविवारच्या रक्तदान शिबिराची पत्रकं घेऊन. पोरं चांगली आहेत हो, मी त्यांना चड्डीत असल्यापासून बघते, गणपतीत रात्र रात्र जागतात, कुणाच्या घरी मयत झाली तर सगळ्यात आधी हीच येतात. दारातनंच म्हणाली, "अण्णा, पहिलं नाव तुमचंच लिहितो बघा, दोन-तीन वर्षं चुकवालाय तुम्ही." आणि माझा भाऊ अण्णा, ज्यानं उभ्या आयुष्यात दुकानाच्या गल्ल्यातले दोन रुपये इकडचे तिकडे केले नाहीत, तो मान खाली घालून म्हणाला, "बीपीच्या गोळ्या सुरू हाईत रे, डॉक्टर नको म्हणालेत."

अण्णाला बीपी नाही. अण्णाला हिपॅटायटिस बी आहे, यकृताला होणारी विषाणूची लागण. पोरं गेल्यावर तो आत जाऊन पंखा न लावता बसून राहिला आणि मी स्वयंपाक अर्धा टाकून हे लिहायला बसले.

आमच्या कपाटात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे, त्यात अण्णाची रक्तदानाची कार्डं आहेत. ३१ कार्डं. शिवजयंती, गणपती, कुणाच्या बाळंतपणात रात्री दोनला आलेला फोन, खानापूरचा ॲक्सिडेंट, सगळं त्या डब्यात. दरवेळी रक्त तपासलं गेलं, दरवेळी निगेटिव्ह. मग चार वर्षांपूर्वी मानेत गाठ आली, लिम्फोमा निघाला, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर. केमो सुरू करायच्या आधी परत तपासणी, हिपॅटायटिस बीची कार्ड टेस्ट, म्हणजे पट्टीवरची झटपट तपासणी, निगेटिव्ह. आम्ही निर्धास्त. आणि पाचव्या केमोनंतर एका सकाळी वहिनी चहा द्यायला गेली तर अण्णाचे डोळे हळदीसारखे पिवळे.

पहिले आठ दिवस तर केमोची उष्णता आहे म्हणून काढले. एक पाहुणी म्हणाली कावीळ उतरवून आणूया, हाताला चुना लावून धुवून घेतात, पाणी पिवळं होतं. आईनं लहानपणी तसंच केलं होतं ना, आठवीत असताना त्याला कावीळ झालेली तेव्हा. ती कावीळ हीच होती की दूषित पाण्याची, देव जाणे. आमच्या गावाकडच्या डॉक्टरांकडे तेव्हा काचेची सिरिंज असायची, स्टोव्हवरच्या भांड्यात उकळायची, आणि रांगेतल्या सगळ्यांना तीच. मला त्या सुईचा गरम वास अजून आठवतो. कुणाला दोष देणार.

शेवटी मिरजेला नेला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी फाईल चाळली आणि एकच प्रश्न विचारला, "कोअर अँटीबॉडी केली होती का?" कुणी केलीच नव्हती. केली, पॉझिटिव्ह. विषाणूचा डीएनए मोजला तर लाखांत. केमोबरोबर दिलेल्या रिटुक्सिमॅबनं त्याची प्रतिकारशक्ती खाली आणली आणि इतकी वर्षं यकृतात दडून बसलेला विषाणू उठला.

हे मला त्या दिवशी कळलं आणि मी भर कॉरिडॉरमध्ये रडले, म्हणून तुम्हालाही सांगते. आपल्याकडे जी नेहमीची टेस्ट करतात ती एचबीएसएजीची, म्हणजे विषाणूच्या वरच्या आवरणातलं प्रथिन रक्तात सापडतं का ते बघायचं. दारात चपला दिसल्या म्हणजे घरात माणूस आहे, तसलं. पण चपला आत नेऊन ठेवल्या असतील तर? काही लोकांत हा विषाणू यकृताच्या पेशीच्या केंद्रात आपला डीएनए गोल गुंडाळून गप्प बसतो, रक्तात आवरण सापडत नाही, रिपोर्ट निगेटिव्ह आणि आतमध्ये पाहुणा कायमचा मुक्कामाला. डॉक्टर याला ऑकल्ट म्हणतात, लपलेला. कोअर अँटीबॉडी सांगते की हा पाहुणा कधीतरी येऊन गेलाय किंवा आलेला आहे, आणि डीएनएची तपासणी म्हणजे दार उघडून खोलीत डोकावणं. तिथंही कधी दिसतो कधी नाही, इतका कमी असतो, पण निदान डोकावा तरी!

आता माझं डोकं तापतं ते इथं. अमेरिकेत २०१३ सालीच सरकारनं रिटुक्सिमॅबच्या माहितीपत्रकावर काळ्या चौकटीत इशारा छापायला लावला की औषध सुरू करण्याआधी एचबीएसएजी आणि कोअर अँटीबॉडी दोन्ही तपासा. दोन्ही. म्हणजे ही काही काल-परवा निघालेली गोष्ट नाही. आणि आमच्या अण्णाला एकच टेस्ट करून औषध चढवलं. त्या औषधाच्या एका डोससाठी वहिनीनं पाटल्या मोडल्या, त्याच्यापुढं ही टेस्ट म्हणजे किती पैसे हो? आधी कळलं असतं तर विषाणू दाबून ठेवणारी रोज एक गोळी सुरू करून केमो दिला असता, कावीळ बहुतेक झालीच नसती. ज्यांनी पहिल्यांदा उपचार केले त्यांचं नाव मी लिहिणार नाही, अण्णानं शपथ घातलीय. गर्दी फार असते तिथं, मान्य. पण छापील फॉर्मवर एक ओळ जास्तीची टाकायला गर्दी आडवी येत नाही.

अण्णा वाचला. विषाणू दाबून ठेवणारी टेनोफोविरची गोळी सुरू आहे, रोज रात्री जेवणानंतर एक, डीएनए आता सापडत नाही, गाठही गेली. वहिनीची, पोरांची, माझी तपासणी झाली, सगळे बरे आहोत, सगळ्यांनी लशीचे तिन्ही डोस घेतले. पण अण्णा शुद्धीवर आल्यावर पहिलं काय म्हणाला माहितीय? "अक्का, माझं रक्त कुणाकुणाला गेलं असंल गं?"

त्यानं कॅलेंडरच्या मागं हिशोब मांडला. एका पिशवीचे लाल पेशी, प्लाझ्मा, प्लेटलेट असे तीन भाग होतात, ३१ गुणिले ३, ९३ माणसं. मी म्हटलं अरे, पूर्वी आपल्याकडं कुठं भाग करत होते, अख्खी पिशवी एकालाच जायची. डॉक्टरीणबाईंनीही सांगितलं की त्या काळी रक्तात विषाणू होता की नव्हता हे आता सांगता येणार नाही, आणि असल्या रक्तातनं दरवेळी लागण होतेच असंही नाही. त्यानं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी डबा काखेत मारून ब्लड बँकेत गेला. मी होते बरोबर. काउंटरवरच्या माणसानं कार्डं चाळली आणि म्हणाला, "अण्णा, तुमचं सगळं निगेटिव्हच हाय की, कशाला टेन्शन घ्यायलाय?" आम्ही रिपोर्ट पुढं केला. त्यानं तो नीट घडी घालून परत दिला. कुठं नोंद नाही, वहीत एक ओळ नाही, शेवटच्या दोन-तीन पिशव्या कुणाला गेल्या ते शोधून त्या लोकांना तपासून घ्या म्हणून सांगणं तर दूरच. एक माणूस स्वतःच्या पायानं येऊन सांगतोय की माझ्या रक्तात असं निघालंय, आणि तुम्ही त्याला पाणी पाजून परत पाठवता!

रक्तपेढीच्या पाच तपासण्या सगळीकडं सक्तीच्या आहेत, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सी, सिफिलिस हा गुप्तरोग आणि मलेरिया. त्यातली बीची तपासणी म्हणजे परत तीच चपलांची. विषाणूचा डीएनए शोधणारी नॅट टेस्ट आहे, काही ठिकाणी करतात, पण देशभर सक्ती नाही. मोठ्या शहरातल्या माणसाला विचारून घेता येतं, "नॅट झालेलं आहे का?" आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या चिक्कोडी-अथणीकडचा माणूस रात्री बाळंतिणीसाठी पिशवी शोधताना काय विचारणार? त्याला मिळाली तेच नशीब. जपाननं १९८९ पासून रक्तदात्यांची कोअर अँटीबॉडी तपासायला सुरुवात केली आणि १९९९ ला नॅटही आणली. आपल्याकडं प्रत्येक दात्याची कोअर तपासली तर इतके लोक बाद होतील की रक्तच मिळणार नाही, कारण कधीतरी संपर्क येऊन गेलेले खूप आहेत, हे मला पटतं. बरं, मग नॅट तरी करा. तीही शंभर टक्के पकडत नाही, हेही मान्य. पण छत्री गळते म्हणून कुणी पावसात छत्री सोडून जात नाही.

आणि शिबिरातला तो फॉर्म. कन्नड की मराठी हा आमच्या सीमाभागातला वाद मला इथं आणायचाच नाही, माझा मुद्दा वेगळा आहे. मागं एकदा मी अण्णाबरोबर गेले होते, टेबलावरचा स्वयंसेवक पोरगा भराभर टिका करत होता, कावीळ झाली होती का, इल्ला (कन्नडमध्ये 'नाही'), ऑपरेशन, इल्ला, टॅटू, इल्ला, तोंड वर करून एकदाही विचारलं नाही. मागं रांग होती आणि माईकवर ओरडणं चालू होतं, दोनशे पिशव्या झाल्या, अडीचशे करायच्या! कशाला अडीचशे? दीडशे करा, पण प्रत्येकाला खुर्चीत बसवून त्याच्या भाषेत विचारा, आणि रिपोर्टमध्ये काही निघालं तर गुपचूप बोलावून सांगा.

आता मी जरा शांत झालेय. अण्णा जेवायला बसलाय. त्याच्या नेलकटरला त्यानं लाल दोरा बांधून ठेवलाय, दाढीचं सामान वेगळ्या डब्यात, चुकून कुणी घेऊ नये म्हणून. ते बरोबरच आहे, रक्ताचा प्रश्न आहे. पण परवा बघते तर ताट-वाटीलाही दोरा! मी भांडले. एका ताटात जेवल्यानं, हात धरल्यानं, मिठी मारल्यानं हे लागत नाही, हजारदा सांगितलं. ऐकतो, आणि नात तोंडाजवळ आली की मान वळवतो. ती तीन वर्षांची आहे, जन्मल्या दिवशीच लस टोचलीय तिला.

गोळ्या फुकट मिळतात, २०१८ पासून सरकारचा कार्यक्रम आहे, सरकारी दवाखान्यात चौकशी करा. ज्यांच्या घरी केमो किंवा रोज घ्यायच्या स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू होणार आहेत त्यांनी डॉक्टरांना कोअर अँटीबॉडीचं नाव घेऊन विचारा, लाजू नका, भांडायला लागलं तर भांडा. मला मेसेज करा, मी येते बरोबर.

मंडळाच्या पोरांनो, तुम्ही हे वाचणारच. अण्णावर रागावू नका. रविवारी मी येणार आहे, फॉर्मच्या टेबलावर मला बसवा, कावीळीचा प्रश्न मी विचारते.

पोस्ट टाकायच्या आधी अण्णाला वाचून दाखवली. मला वाटलं नको म्हणेल. शेवटपर्यंत ऐकलं, हात धुतला आणि म्हणाला, "टाक. पण ३१ नको, ३२ लिही. एक कार्ड हरवलंय."