समुद्री मासे ‘आपोआप जुळवून’ घेत नाहीत

बडोद्यातल्या आमच्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. ‘मरीन टँकमधले मासे भांडतात? करा हे घरगुती उपाय’ असं शीर्षक, खाली क्लाउनफिशचा फोटो आणि शेवटी नेहमीचं ‘पुढे पाठवा’. उपाय थोडक्यात असे: मासे भुकेपोटी भांडतात, तेव्हा सारखं खायला घाला. माशांची संख्या वाढवा, म्हणजे मार वाटला जातो. एकाच जातीचे ठेवा, भाऊ भाऊ भांडत नाहीत. द्वारकेला गेलात तर पोवळ्याचे दगड आणा, लपायला जागा होते. आणि एवढं करूनही भांडले तर मध्ये पडू नका, दोन दिवसांत आपोआप जुळतं. समुद्रात नाही का सगळे गुण्यागोविंदाने राहतात!

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे बरेचसे त्याच गैरसमजावर उभे आहेत. समुद्रात मासे गुण्यागोविंदाने राहत नाहीत. डॅमसेल नावाचा बोटभर मासा आपल्या खडकावरचं शेवाळ आणि आपली अंडी राखायला स्वतःच्या कितीतरी पट मोठ्या माशांच्या अंगावर जातो, पाणबुड्यांच्या हातालाही चावतो. फरक एवढाच की तिथे हुसकावलेला मासा चार हात लांब जातो आणि विषय संपतो. घरातल्या चार फुटी टाकीत तो पळतो, काचेला अडतो आणि वळून पुन्हा त्याच हद्दीत येतो. हल्ला करणाऱ्याच्या दृष्टीने तो गेलेलाच नसतो.

दांडिया बाजारात एका स्नेह्यांच्या दिवाणखान्यात हे नीट बघायला मिळालं. टाकीत आधीपासून एक डोमिनो डॅमसेल: काळाभोर, अंगावर पांढरे ठिपके, जेमतेम तीन इंचांचा. नुकताच सोडलेला सेलफिन टँग त्याच्या दीडपट. पण डोमिनो सुसाट यायचा, शेपटीच्या मुळाशी तोंड मारायचा आणि लगेच आपल्या कपारीपाशी परत. टँग वरच्या कोपऱ्यात हीटरच्या मागे उभा, कल्ल्यांची भराभर उघडझाप, शेपटीच्या कडेच्या चिंध्या झालेल्या. खाणं टाकलं तेव्हा बाकीचे धावले, हा जागचा हलला नाही. घरातले म्हणाले, ‘काल फार मारत होता, आज शांत आहे.’ ती शांतता नव्हे. एकाने हार मानलीय आणि तो आता उपाशी आहे. अशा ताणात प्रतिकारशक्ती ढासळते, मग खाऱ्या पाण्यातला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, क्रिप्टोकॅरिऑन, त्यालाच आधी गाठतो. मासा मेला की दोष पाण्याला दिला जातो.

आता भूक. यात अर्धं सत्य आहे. टँगसारखे दिवसभर शेवाळ खरवडणारे मासे पोट रिकामं असेल तर जास्त चिडचिडे होतात. त्यांच्यासाठी नोरीचे, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाचे, तुकडे टाकीच्या दोन टोकांना क्लिपने लावले, खाणं थोडं थोडं आणि एकाच वेळी दोन ठिकाणी दिलं, तर ओढाताण खरोखर कमी होते. पण डोमिनो भुकेला नव्हता, तुडुंब खाऊन पहारा देत होता. हद्दीचं भांडण खाण्याने मिटत नाही. उलट ‘सारखं खायला घाला’ हे खाऱ्या पाण्यात जास्त महागात पडतं. उरलेलं अन्न कुजून अमोनिया होतो, आणि ८.१ ते ८.४ पीएचच्या पाण्यात त्याचा विषारी अंश गोड्या पाण्याच्या साध्या टाकीतल्यापेक्षा मोठा असतो. (लायनफिशने छोटा मासा गिळला तर त्यालाही लोक ‘भांडण’ म्हणतात. ते जेवण आहे. त्याच्या तोंडात मावेल असं काही त्याच्याबरोबर ठेवू नये, विषय संपला.)

‘मासे वाढवा’ हा सल्ला कुठून आलाय ते मात्र कळतं. आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे सिक्लिड पाळणारे टाकी मुद्दाम गच्च भरतात, म्हणजे दांडगट मासा एकालाच धरून मारत नाही. त्यांच्याकडे ते चालतं, तेही दणकट फिल्टर आणि वारंवार पाणी बदलण्याच्या जोरावर. पण ते गोड्या पाण्यातले मासे. तापमान सारखं असलं तरी समुद्राच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन गोड्या पाण्यापेक्षा जवळपास पाचव्या हिश्शाने कमी, आणि पाणी तापलं की आणखी घटतो. बडोद्याच्या मे महिन्यात चिलर नसलेली टाकी सहज तिशी गाठते. त्यात दुपारची लाइट गेली आणि पाणी फिरवणारे पंप (पॉवरहेड) बंद पडले, तर गच्च भरलेल्या टाकीत भांडायलाही कोणी उरायचं नाही.

‘भाऊ भाऊ भांडत नाहीत’ हे मराठी माणसाने लिहावं, आणि तेही बडोद्यात! इथे खंडेराव महाराज गायकवाडांनी सख्ख्या भावाला, मल्हाररावांना, पादरा गावी कैदेत ठेवलं होतं. माशांतही उलटंच आहे: सगळ्यात कडवं वैर स्वतःच्या जातीशी. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेन्झ, ज्यांना १९७३ साली नोबेल मिळालं, त्यांनी प्रवाळातले मासे टाकीत ठेवून हेच टिपलं होतं की हे मासे परक्यांपेक्षा आपल्यासारख्यांवर जास्त तुटून पडतात. कारण उघड आहे. त्याच जातीच्या माशाला तेच खाणं, तीच कपार आणि तीच मादी हवी असते. हा नियम जातीपुरता थांबत नाही. अंगाची ठेवण आणि रंग मिळते असले तरी पुरतं. रॉयल ग्रामा आणि तसाच जांभळा-पिवळा रॉयल डॉटीबॅक एकत्र ठेवू नयेत, एकाच घडणीचे दोन टँगही नाहीत. टँगच्या शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना वस्तऱ्यासारखा काटा असतो. भांडणात तो शोभेला नसतो.

फोटोतला क्लाउनफिश मात्र अपवाद आहे, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. क्लाउनफिश जन्मतः मादी नसतात. गटातला सगळ्यात मोठा मादी होतो, त्याच्याखालचा नर, बाकीचे लहानच राहतात. मादी मेली तर नराची मादी होते. त्यामुळे दोन लहान, आकाराने वेगळे क्लाउन एकत्र आणले तर जोडी जमते. धाकटा थोरलीपुढे आडवा होऊन अंग थरथरवतो, तेव्हा घाबरून जाऊ नका. ती शरणागती आहे, आजार नाही. पण दोन वाढलेल्या माद्या एका टाकीत म्हणजे एकीचा मृत्यू ठरलेला.

पोवळ्याच्या दगडांचा सल्ला तर सरळ बेकायदा आहे. ओखा ते जोडियाच्या किनाऱ्यावर कच्छच्या आखातातलं सागरी राष्ट्रीय उद्यान १९८२ पासून आहे आणि कठीण प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टाचं संरक्षण आहे. पिशवीत घालून आणलेला तुकडा ‘आठवण’ ठरत नाही, गुन्हा ठरतो. लपायला जागा हवी हे बरोबर, पण ती सिरॅमिकच्या दगडांनीही होते, आणि क्वारंटाइनच्या टाकीत हार्डवेअरच्या दुकानातले पीव्हीसीचे एल्बो पुरतात. दगड मात्र एका भिंतीसारखे रचू नका. दोन-तीन वेगळे ढीग करा, मध्ये मोकळं पाणी ठेवा, म्हणजे मार खाणाऱ्याला मारणाऱ्याच्या नजरेआड होता येतं.

खरं कारण बहुतेक वेळा टाकीत कोण आधी आला यात असतं. दुकानदार नवख्याला सांगतात, टाकी बसवायला (म्हणजे अमोनिया पचवणारे जीवाणू तिच्यात वाढायला) आधी डॅमसेल सोडा, स्वस्त आणि चिवट असतात. मग हा पहिला भाडेकरू घरमालक होऊन बसतो. टाकी मासे न सोडता, अमोनियाचे थेंब घालूनही बसते. आधी गोबी, फायरफिश, कार्डिनल असे भित्रे, मग क्लाउन, आणि टँग किंवा डॉटीबॅक सगळ्यात शेवटी. नवा मासा सोडताना दिवे बंद, दगडांची जागा थोडी हललेली, आणि पहिला आठवडाभर तो भोकं पाडलेल्या पारदर्शक डब्यात. जुन्यांना दिसतो, पण चावता येत नाही.

तरी मारामारी चालूच राहिली तर दोन दिवस वाट बघत बसू नका, आणि मार खाणाऱ्याला नव्हे तर मारणाऱ्याला बाहेर काढा. जाळीने तो हाती लागणार नाही, दगडांत शिरतो. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीचा वरचा भाग कापून उलटा आत बसवा, आत मायसिस कोळंबीचे चार दाणे टाका आणि बाटली त्याच्या कपारीसमोर आडवी ठेवा. हद्दीत आलेलं काहीही तपासायची त्याची खोड इथे आपल्या कामाला येते. मग आठ-दहा दिवस त्याला सम्पमध्ये (मुख्य टाकीला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत) किंवा वेगळ्या टाकीत ठेवायचं, तोवर इथले दगड हलवून घ्यायचे, आणि परत सोडायचं ते डब्यातूनच, नव्या माशासारखं.