दुसऱ्याच्या हातातला फासा

शनिवारी रात्री आम्ही 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' खेळतो, म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन गोष्ट पुढे न्यायची आणि जमले की फसले ते फाशावर ठरवायचे. रविवारी संध्याकाळी नाशिकच्या गंगापूर रोडच्या कट्ट्यावर आम्ही त्या खेळाची चिरफाड करतो. या रविवारी चिरफाडीला एकच विषय होता, तो म्हणजे आमचा शाहीर. तो खेळात बार्ड, म्हणजे गाण्यातून जादू करणारे पात्र, घेतो म्हणून हे नाव त्याला चिकटले. त्या दिवशी तो अंबडला सेकंड शिफ्टला होता, त्यामुळे सर्वांना कंठ फुटला होता.

प्रसंग साधा होता. पडक्या वाड्यात आमच्या टोळीला एक कुलूपबंद पेटी सापडली. कुलपे उघडणे हे चोराचे काम आणि चोर आमचा अबोल मित्र खेळतो. त्याने वीस बाजूंचा फासा उचलून मुठीत घेतला होता. तेवढ्यात शाहीर म्हणाला, "थांब, कुलपाच्या नादी लागू नकोस, त्यात सापळा असणार. पेटी गावात नेऊ, सावकाराशी मी बोलतो." पुढे सावकाराशी झालेली घासाघीस खरोखरच बहारदार होती, आम्ही पोट धरून हसलो. अबोल मित्रही हसला, मात्र त्याआधी त्याने फासा मुकाट्याने डबीत परत ठेवला होता.

खेळ चालवणारा आमचा मास्तर वैतागला होता. पुढच्या खेपेला राजाचे शिपाई शाहिराला पकडून तुरुंगात टाकतील, असा त्याचा बेत होता. आमच्यातल्या वकिलाने तो तिथेच मोडीत काढला. "तुरुंगात टाकलंस की पुढचा अख्खा खेळ सुटकेचा होणार, आणि सुटका कोणाची? त्याचीच!" मला हे शंभर टक्के पटते. कथेच्या आत दिलेली शिक्षा खेळाडूला शिक्षा वाटतच नाही. ते त्याला नवे आव्हान वाटते आणि तो दुप्पट उत्साहाने पुढे सरसावतो.

वकिलाचा स्वतःचा उपाय होता सोंगट्यांचा: प्रत्येकाला मोजक्या सोंगट्या द्यायच्या, बोलताना एक खर्च करायची, संपल्या की गप्प बसायचे. त्यावर आमच्यातली नाटकवाली म्हणाली, "अबोल माणूस सोंगट्या जपून ठेवील आणि शाहीर त्याच्याकडूनच उसन्या मागेल." सगळे हसले, तरी वकिलाच्या म्हणण्यात तथ्य आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ 1974 साली बाहेर आला तो मुळात छोट्या बाहुल्यांच्या युद्धखेळांतून, आणि त्यामुळे लढाई सुरू झाली की पाळी ठरवण्याची त्याची व्यवस्था आजही पक्की आहे: प्रत्येकाने फासा टाकायचा, त्यावरून क्रम लागायचा आणि सहा सेकंदांच्या एकेका फेरीत आपापली पाळी खेळायची. धर्मशाळेत, बाजारात किंवा दरबारात मात्र असा क्रम नसतो. तिथे ज्याने आधी तोंड उघडले त्याची पाळी. आमचा शाहीर लढाईत कोणालाही जड जात नाही, हे त्याच्यावर चिडलेल्यांच्या ध्यानात येत नाही.

वकिलाने मग 2009 सालच्या 'फियास्को'चा दाखला दिला. त्यात खेळ चालवणारा कोणी नसतो. प्रत्येक प्रवेश पाळीपाळीने एकेका खेळाडूचा असतो, आणि प्रवेश मांडायचा की त्याचा शेवट ठरवायचा, यांपैकी एक तो स्वतःकडे घेतो व दुसरे इतरांवर सोपवतो. दाखला चोख असला तरी तो एका बैठकीत संपणारा खेळ आहे. महिनोन्महिने चालणाऱ्या आमच्या मोहिमेला ती घडी जशीच्या तशी बसणार नाही, असे मास्तराचे म्हणणे पडले.

नाटकवालीने कालिदास कलामंदिरात हौशी नाटकांत कामे केली आहेत. ती म्हणाली, "एखाद्याला पानभर स्वगत असलं म्हणून प्रयोग पडत नाही. दुसऱ्याचं वाक्य तोडलं की पडतो." मग तिने मोर्चा मास्तराकडे वळवला. "आणि मास्तर, जरा शांतता झाली की तू स्वतःच शाहिराकडे बघतोस. तो बोलला की तुझी सुटका होते." मास्तर काही बोलला नाही. माझ्या मते त्या संध्याकाळची खरी गोष्ट हीच होती. त्यात भर म्हणजे आमच्या टोळीत बार्डच्या पात्राची संभाषणाची संख्या, म्हणजे बोलून पटवताना फाशात मिळवायचा आकडा, सर्वांत मोठी असते, त्यामुळे बोलायची वेळ आली की आम्हीच त्याला पुढे ढकलतो आणि नंतर तो पुढे जातो म्हणून कुरकुरतो.

एवढा वेळ चहा पीत बसलेला अबोल मित्र आता बोलला. "तो बोलतो त्याचा मला त्रास नाही. सावकाराचा प्रसंग मला आवडला. पण पेटी माझी होती." थोडे थांबून त्याने असेही सांगितले की मास्तर एकदम "आणि तू काय करतोस?" असे विचारतो, तेव्हा सगळे वळून बघतात आणि सुचलेलेही विसरते, त्यापेक्षा "याच्यानंतर तुझ्याकडे येतो" एवढे आधी कळले तरी पुरे.

त्याच्या बोलण्याने वादाचा रोखच बदलला. बोलण्याची लांबी मोजत बसण्यात अर्थ नव्हता. शाहिराने दुसऱ्याच्या पात्राचा निर्णय परस्पर घेतला होता आणि बंदोबस्त करायचा तो या सवयीचा. सावकारानेच "मी या चोराशी बोलणार, याच्या बापाला मी ओळखतो" असे म्हटले असते, तर संख्या कोणाचीही मोठी असो, प्रसंग आपोआप चोराकडे गेला असता. ही युक्ती मास्तराने तत्काळ मोबाइलमध्ये टिपून घेतली.

शाहिराला सांगायचे कसे, यावर पुन्हा जुंपली. वकिलाच्या मते टेबलावर सर्वांसमोर, म्हणजे नियम सर्वांना सारखा. नाटकवालीच्या मते एकट्याला, फोनवर. मी नाटकवालीच्या बाजूने होतो, कारण चारचौघांत टोकलेला बोलका माणूस एक तर रुसतो नाही तर त्या टोकण्याचाही प्रयोग करून दाखवतो. शेवटी फोन मास्तराने करायचा आणि टेबलावर सर्वांसाठी एकच नियम ठेवायचा असे ठरले: कोणाच्या हातात फासा असेल, तर तो पडेपर्यंत बाकीच्यांनी सल्ला द्यायचा नाही.

"आणि एखादा फासा हातात घेऊन नुसताच बसून राहिला तर?" वकिलाने विचारले. मास्तर म्हणाला, "तर थांबायचं." वकिलाला हे अजून पटलेले नाही.