आळस कसला, हिशेब आहे

‘कॉम्प्युटर बनवणाऱ्यांनी एकाच कंपनीची चिप, म्हणजे प्रोसेसर, घेत राहणं हा आळस’ असं एका लेखात म्हटलंय, ते काय पटलं नाही बघा. राजारामपुरीत आमचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. प्रोसेसरची कंपनी बदलली की तो बसवायचं सॉकेट बदललं, म्हणजे मदरबोर्ड आणि त्यावरचं चिपसेट, बायोस सगळंच आलं. एएमडीच्या एएम४ सॉकेटवाल्या प्रोसेसरला पिना खाली असतात, इंटेलच्या हल्लीच्या बोर्डावर त्या सॉकेटातच. एखादी वाकली की गिऱ्हाईक पुढ्यात उभं आणि आम्ही भिंग लावून सुईनं ती सरळ करतोय! शिवाय सुटे भाग दोन तऱ्हेचे भरून ठेवायचे. आमची ही गत, तर लाखोंनी मशिनं काढणाऱ्याला चाचण्या, स्पेअर, सर्व्हिसवाल्यांचं ट्रेनिंग किती वाढत असेल?

पण खरी गोम पैशात असते आणि लेखात नेमकी तीच राहिली. एएमडीचं ऑप्टेरॉन हे सर्व्हरचं प्रोसेसर २००३ ला आलं, गाजलं, तरी कॉम्प्युटर बनवणारी डेल २००६ पर्यंत इंटेललाच धरून होती. का? तर इंटेलकडून मिळणारा रिबेट, म्हणजे खरेदीवर परत मिळणारे पैसे. अमेरिकेच्या एसईसीचा, म्हणजे तिथल्या शेअर बाजार नियामकाचा, आरोप असा, की एका तिमाहीत ही रक्कम डेलच्या ऑपरेटिंग नफ्याच्या ७६ टक्के होती! २०१० मध्ये डेलने आरोप ना मान्य केले ना नाकारले, १० कोटी डॉलर दंड भरून प्रकरण मिटवलं. एवढं घरबसल्या मिळत असेल तर दुसरा पुरवठादार शोधायला कोण जातंय? टंचाईत माल आधी मिळेल ही आशाही असतेच म्हणा, पण ती माझ्या मते दुय्यम.