‘सगळ्या फ्लाय काळ्याच दिल्या’ या अभिप्रायाला दुकानाकडून उत्तर

नमस्कार,

तुमचा दोन स्टारचा अभिप्राय वाचला. मराठीत लिहिलात म्हणून उत्तरही मराठीतच देते. उन्हाळ्यात इथे स्कॉटलंडच्या उत्तरेला, सदरलंडला, मासेमारीसाठी येणारी आपली माणसं असतात, त्यांच्याही उपयोगी पडेल. तुमचं म्हणणं असं : बारा फ्लाय (गळावर पिसं आणि फर बांधून केलेले नकली किडे) घेतल्या तर जवळजवळ सगळ्या काळ्या निघाल्या, त्याही विस्कटलेल्या, घाईत बांधल्यासारख्या. मोठ्या, चमकदार रंगांच्या मागितल्या तर मी दिल्या नाहीत. आणि इथल्या असिंटच्या डोंगरातल्या लॉखवर, म्हणजे तळ्यावर, दोन दिवसांत एकच ब्राउन ट्राउट लागली, तीही वीतभर.

काळ्या मी मुद्दाम दिल्या. त्या डोंगरातलं पाणी पीटमधून, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या दलदलीच्या थरातून, झिरपून येतं, त्यामुळे ते तपकिरी असतं. ट्राउट खालून वर बघते. वरच्या उजेडासमोर तिला रंगापेक्षा आकार आधी दिसतो, आणि काळा आकार सगळ्यात ठसठशीत दिसतो. शिवाय वाऱ्याने उडून पाण्यात पडणारे किडेही बरेचसे काळेच. मे महिन्यात हॉथॉर्न फ्लाय, ऑगस्टमध्ये माळावरचं हेदरचं झुडूप फुललं की लाल पायांची हेदर फ्लाय. तुमच्या डबीतल्या बिबिओ नावाच्या फ्लायच्या काळ्या अंगावर मधोमध लाल पट्टा आहे, तो बघा. ट्राउट त्या दिवसांत हेच खात असते.

रंग एक असला तरी प्रत्येकीचं काम वेगळं आहे. लॉखवर आपण एका लीडरला, म्हणजे लाइनच्या टोकाच्या बारीक पारदर्शक धाग्याला, तीन फ्लाय लावतो. सगळ्यात वरची, बोटीच्या जवळची, ती झुबकेदार हवी. केट मॅकलॅरन किंवा झुलू मी त्यासाठीच दिली. लाइन ओढून संपत आली की रॉड उचलून ती लाटेवरून फरफटवायची, पाण्यावर रेघ उमटली पाहिजे. ट्राउट पुष्कळदा त्या हालचालीकडे येते आणि खालच्या दोनपैकी एक घेते. मधे बिबिओ. टोकाला ब्लॅक पेनेल : बारीक अंगाची, मोजक्याच पिसांची, म्हणजे पटकन बुडते. झुबकेदार फ्लाय टोकाला आणि बारीक वर लावली तर तिन्ही वाया जातात.

आता विस्कटलेपणाबद्दल, कारण ती तक्रार मला सगळ्यात जास्त लागली. केट मॅकलॅरन मी १२ नंबरच्या गळावर बांधते. आधी शेपटीला सोनेरी फेझंटच्या तुऱ्याचं एक पिवळं पीस. मग मेण लावलेल्या काळ्या दोऱ्यावर सीलच्या फरसारखी खरखरीत कृत्रिम फर, वात वळावी तशी वळून, गळाच्या दांड्यावर गुंडाळते. कोंबड्याचं काळं पीस डोक्याकडून शेपटीकडे फिरवत नेते आणि चांदीची तार उलट्या दिशेने शेपटीकडून डोक्याकडे आणते. तार पिसाला जागोजाग आवळते, त्यामुळे माशाच्या दातांनी पीस एका जागी तुटलं तरी अख्खं सुटून येत नाही. डोक्याशी तपकिरी पीस, गाठ, वर वॉर्निश. आणि हे सगळं नीटनेटकं झाल्यावर सुईने फर उपसून बाहेर काढते. ते उपसलेले केस पाण्यात हलतात, बारीक बुडबुडे धरून ठेवतात, फ्लाय जिवंत वाटते. काचेच्या कपाटात शोभणारी गुळगुळीत फ्लाय बांधायला मला वेळ कमीच लागेल, पण तिला पाण्यात तशी हालचाल नसते.

मोठ्या, भडक फ्लाय तलावात सोडलेल्या रेनबो ट्राउटसाठी चालतात आणि तिथे त्या खुशाल वापराव्यात. डोंगरातल्या जंगली ब्राउनसाठी त्या विकून पैसे घेणं मला पटत नाही. हिमाचलात तीर्थनला स्पिनरवर (पाण्यात गरगर फिरणाऱ्या धातूच्या आमिषावर) चांगल्या ब्राउन लागल्या असं तुम्ही लिहिलंय. ती वाहती नदी. इथल्या अनेक लॉखच्या परवान्यावर फक्त फ्लायचीच अट असते.

दोन दिवसांत एकच का, याचं उत्तर तुमच्याच अभिप्रायात आहे : ‘लख्ख ऊन, पाणी आरशासारखं स्थिर, बोट घेऊन थेट मधोमध गेलो.’ लॉख स्टाइलला, म्हणजे वाऱ्याने सरकणाऱ्या बोटीतून फ्लाय टाकण्याला, लाट लागते. लाट लीडर झाकते आणि बोट वाऱ्याबरोबर आडवी सरकत राहून सतत नवं पाणी दाखवते. स्थिर पाण्यात तीन झुबकेदार फ्लाय म्हणजे मासे पळवायची सोय. अशा दिवशी लीडर बारीक आणि लांब करायचा, १४ नंबरची, म्हणजे १२ पेक्षा लहान, एकच फ्लाय लावायची, आणि संध्याकाळ होईपर्यंत घाई करायची नाही. जूनमध्ये इथे रात्री दहानंतरही दिसत असतं, आणि पतंगासारखे दिसणारे सेज किडे साधारण त्याच सुमाराला पाण्यावर येतात. मधलं खोल पाणी तर सोडूनच द्या. तळापर्यंत उजेड पोचतो तिथे वनस्पती, तिथे किडे, आणि तिथेच ट्राउट चरते. काठापासून थोड्या अंतरावरचे उथळ दगडाळ पट्टे, ओढ्यांची मुखं, वारा ज्या काठाकडे वाहतोय तो काठ, ही ठिकाणं आधी बघायची.

वीतभर ट्राउटला मात्र कमी लेखू नका. आम्लयुक्त, थंड, अन्न कमी असलेल्या पाण्यात ती हळू वाढते. तेवढी व्हायला तीन-चार वर्षं गेलेली असू शकतात. अशा लॉखवर अर्ध्या पाउंडाची, म्हणजे सव्वादोनशे ग्रॅमची, ट्राउट चांगलीच समजतात. मोठी हवी असेल तर डर्नेस गावाजवळची चुनखडीवरची लॉख आहेत, कॅलडेल किंवा बोराली. तिथलं पाणी नितळ, अन्न भरपूर, मासे पोसलेले आणि फार बुजरे. तिथे जाणार असाल तर डबी पूर्ण वेगळी भरावी लागेल.

न वापरलेल्या फ्लाय परत पाठवा, बदल्यात १४ नंबरच्या आणि सेजच्या पाठवते, फरकाचे पैसे नकोत. एखाद्या फ्लायची तार सुटली असेल तर तीही पाठवा, मी नवी बांधून देईन. ब्राउन ट्राउटचा हंगाम ६ ऑक्टोबरला संपतो. त्याआधी पुन्हा येणार असाल तर कोणत्या लॉखचा परवाना घेताय ते आधी कळवा, म्हणजे त्या पाण्यासाठीच फ्लाय बांधून ठेवते.