किमान दोन माणसं

मी एकटा आहे हे मला आजवर आई, धाकटी मावशी आणि एक वधूवर मंडळ एवढ्यांनीच सुनावलं होतं. गेल्या रविवारी ते भातानेही सुनावलं.

स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया शहराच्या दक्षिणेला आल्बुफेरा नावाचं सरोवर आहे, भोवती भातखाचरं आणि मधे एल पाल्मार हे गाव. पाएया, म्हणजे तिकडचा भात, खायची तर तिथेच, असं ऑफिसात सगळ्यांनी बजावलं. सोबत यायला मात्र कोणी तयार होईना, कारण रविवारी दुपारी जो तो आपापल्या आईकडे पाएया खायला जातो. मी मावळातला, इंद्रायणीवर वाढलेला. निघालो एकटा.

वेटरने मेनूतल्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. किमान दोन माणसं. दर मात्र माणशी. म्हणजे जो माणूस जन्मालाच आलेला नाही, त्याच्याही जेवणाचे पैसे मी भरायचे! कारणही त्याने सांगितलं. कढई पसरट, भाताचा थर बोटभरच हवा, एवढ्याशा तांदळासाठी लाकडं पेटवणं परवडत नाही. आमच्याकडे एका माणसाचा भात कुकरच्या डब्यात होतो, हे मला स्पॅनिशमध्ये सांगता आलं नाही. ‘सॅलड आणू?’ त्याने विचारलं. तासभर बस करून मी काकडी खायला आलो होतो का?

तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून एक हात वर झाला. ‘दुसरा मी.’

आजोबा ऐंशीच्या आसपासचे, इस्त्रीचा शर्ट, समोर अर्धा पाव. मी बोलावण्याआधीच ते खुर्चीसकट माझ्या टेबलाशी आले. पाएया यायला पाऊण तास लागला. तेवढ्या वेळात माझी तोंडी परीक्षा झाली.

‘पाएया म्हणजे काय?’ मी म्हटलं, भात. चूक. पाएया म्हणजे कढई. कढईचंच नाव पदार्थाला पडलं. आत कोंबडी, ससा, चपट्या हिरव्या शेंगा, गारोफो (म्हणजे आपली डबल बी, उगाच भाव खाते), टोमॅटो, केशर, ऑलिव्हचं तेल. तांदळाचं नाव बोंबा. भरपूर रस पितो, पण फुटत नाही. काही घरांत गोगलगायी घालतात. ‘गोगलगाय आणि पोटात पाय’ हे लहानपणापासून ऐकत आलो होतो, पण गोगलगायच पोटात घ्यायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. त्या दिवशी नव्हत्या, सुटलो.

‘कांदा?’ मी विचारलं.

आजोबांनी पाव खाली ठेवला. कांद्याने भात मऊ पडतो. ‘मग कोळंबी?’ त्यांनी खिडकीतून समुद्राच्या दिशेला हात केला. तो वेगळा भात, वेगळं नाव. आणि ज्यात मनाला येईल ते घातलंय, तो ‘आरोस कोन कोसास’, वस्तू घातलेला भात. २०१६ साली जेमी ऑलिव्हर या इंग्रज शेफने पाएयात चोरिसो सॉसेज घातलं, तेव्हा अख्खा स्पेन त्याच्या अंगावर धावून गेला होता. आजोबांचा राग अजून उतरलेला नाही. मला आमचे काका आठवले. पोह्यांत मटार दिसले म्हणून ते एकदा सोयरिकीच्या घरातून उठून आले होते. ती सोयरीक माझी होती.

कढई आली. मी लिंबाची फोड उचलली, ती आजोबांनी माझ्या हातून काढून पाण्याच्या पेल्यामागे लपवली. मी भात ढवळायला गेलो, तर मनगट धरलं. ताटली मागितली, तर वेटर आणि आजोबा दोघेही हसले. लाकडी चमच्याने थेट कढईतून खायचं, आपापल्या बाजूने, कडेकडून मध्याकडे. आजोबांनी चमच्याने भातात सरळ रेघ ओढली. इकडे तू, तिकडे मी. झाली खातेफोड.

भात? सुरेख होता. हे कबूल करताना जिवावर येतंय.

पण खरा जीव असतो तळाशी. कढईला धरलेली, खमंग, करकरीत खापरी. ते तिला सोकारात म्हणतात. आमच्याकडे ती खरवड. भाताच्या पातेल्यातल्या खरवडीसाठी मी सख्ख्या बहिणीला ढकललेलं आहे. तेव्हा मी ती शेवटासाठी राखून वरवरचं खात होतो. आजोबा मात्र कधीच तळाला पोचले होते. आणि मग, गावाकडे नांगर धरणारा शेजारी दरसाल वीतभर सरकतो ना, तसा त्यांचा चमचा बांध कोरत माझ्या हद्दीत आला. खर्र, खर्र. तोंडाने सशाचं पुराण चालूच. माझं भाषांतर होईपर्यंत माझ्या बाजूचं पत्र्याचं बूड लख्ख दिसायला लागलं होतं.

मी म्हटलं, ‘हे माझं होतं.’ ते म्हणाले, ‘तू खात नव्हतास.’

ऐंशी वर्षांच्या माणसाशी, परमुलखात, करपलेल्या भातावरून भांडावं का? मी भांडलो नाही. त्याचाच जास्त राग आहे.

बिल आलं. आजोबांनी चष्मा लावून ते बरोब्बर दोन भागांत मांडलं. पाण्याची बाटली माझ्या नावावर, कारण प्यायलो मी. पावही माझ्या नावावर, कारण आता टेबल माझं होतं. खरवडीची नोंद कुठल्याच बाजूला नव्हती.

‘पुढच्या रविवारी?’ उठताना त्यांनी विचारलं. ‘दोन माणसं लागतात.’

मी हो म्हटलंय. या खेपेला तळापासून सुरुवात करणार आहे.